साखरखेर्ड्याची लढाई आणि ऐतिहासिक वेशभूषेतील अचूकतेचा प्रश्न

ऐतिहासिक नाटक-चित्रपटांच्या समीक्षेत कथानक, संवाद व अभिनय यांची चर्चा विस्ताराने होते. वेशभूषेचा उल्लेख मात्र ‘भव्य’ किंवा ‘डोळे दिपवणारी’ अशा एखाद्या विशेषणावर आटोपतो. वस्तुतः प्रेक्षकाच्या मनात भूतकाळाची जी प्रतिमा ठसते ती बऱ्याच अंशी कपड्यांनी ठसवलेली असते. पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच ते कोणत्या पक्षाचे आहे हे त्याच्या अंगावरचा रंग सांगून मोकळा होतो. हा रंग कितपत विश्वसनीय असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथील लढाईच्या आधारे केला आहे.

सिंदखेडराजा तालुक्यातील या गावी ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात निर्णायक लढाई झाली. दिल्लीचा बादशहा मुहम्मदशाह याने दख्खनची सुभेदारी मुबारिजखानाकडे सोपवली होती. निजामाला ती सोडावयाची नव्हती. चोवीस वर्षांच्या बाजीराव पेशव्याने या प्रसंगी निजामाची बाजू घेतली. मुबारिजखान रणांगणावर पडला आणि विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले. हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा प्रारंभ बहुतेक इतिहासकार याच विजयापासून मानतात. पुढे चारच वर्षांनी, १७२८ मध्ये, पालखेड येथे बाजीरावाने याच निजामाची कोंडी केली, हा उत्तरार्ध मराठी वाचकाच्या अधिक परिचयाचा आहे. साखरखेर्ड्याला आपल्या ऐतिहासिक ललित साहित्यात फारसे स्थान मिळाले नाही. त्याचे एक कारण असे संभवते की ही लढाई आपल्या ठरीव साच्यात बसत नाही. बादशहाचा नियुक्त सुभेदार एका बाजूला, बादशहाचाच बंडखोर सरदार दुसऱ्या बाजूला आणि मराठे त्या बंडखोराच्या साहाय्याला, अशी ही मांडणी आहे.

उद्या कोणी हा प्रसंग रंगमंचावर आणावयाचे ठरवले, तर वेशभूषाकारासमोर पहिलीच अडचण उभी राहील. भगवा विरुद्ध हिरवा ही आपली सवयीची रंगयोजना येथे निरुपयोगी ठरते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधील मुघल सरदार, राजपूत मनसबदार आणि मराठे मुत्सद्दी यांचा दरबारी पोशाख मूलतः एकच होता : जामा, पायजमा, कमरेला पटका, डोक्याला पागोटे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिवाजी महाराजांची जी दख्खनी शैलीची चित्रे ॲम्स्टरडॅम आणि लंडन येथील संग्रहालयांत जतन झाली आहेत, त्यांतही हाच पोशाख दिसतो. मग फरक कशात होता? जाम्याच्या बंदांत. मुघल काळात रूढ असलेल्या संकेतानुसार मुसलमान व्यक्ती जाम्याचे बंद उजव्या बगलेखाली बांधत असे आणि हिंदू व्यक्ती डाव्या. ज्या भेदासाठी आपले वेशभूषाकार तागेच्या तागे रंगवतात, तो भेद त्या काळी बगलेतल्या एका गाठीत सामावला होता आणि हात खाली सोडला की तीही दिसत नसे.

जाम्याच्या शिवणीकडे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण अचूकतेचा कस दागिन्यांवर लागत नाही, तो बेतण्यावर लागतो. जामा वरच्या भागात अंगाबरोबर बसतो. छातीवर एक पाखा दुसऱ्यावर तिरका येतो व बगलेखाली बंदांनी बांधला जातो. कमरेपासून खाली अनेक कळ्यांचा घेर सुटतो. बाह्या हातापेक्षा लांब बेतून मनगटाकडे चुण्या पाडीत वर सारल्या जात. काळाची खूण घेराच्या लांबीत आणि कमरेच्या जागेत आहे. अकबरकालीन जामा साधारण गुडघ्यापर्यंत येतो. मुहम्मदशाहच्या काळापर्यंत त्याची कमर छातीकडे सरकते आणि घेर घोट्यापर्यंत उतरतो. या चित्रांत पांढऱ्या मलमलीचे जामे विपुल आढळतात. म्हणजे साखरखेर्ड्याच्या प्रसंगातील दरबारी प्रवेश अचूक करावयाचा तर मंचावर मुख्यतः पांढरा रंग दिसला पाहिजे. पुढून उघडणारा, सोनेरी फितीचा, गळ्याशी ताठ पट्टी असलेला जो कोट आपल्याकडे ऐतिहासिक म्हणून चालतो, त्याची शिवण एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडची आहे.

वस्त्र हा त्या काळी राजकारणाचाच भाग होता. ‘पेशवाईची वस्त्रे’ या शब्दप्रयोगात आजही त्याचा अवशेष टिकून आहे. साखरखेर्ड्याच्या विजयानंतर निजामाने बाजीरावाला मनसब, हत्ती व रत्नाबरोबर मानाचा पोशाख दिल्याचे इतिहासकारांनी नमूद केले आहे. मराठ्यांच्या पेशव्याच्या अंगावर निजामाने दिलेली खिलत, हे दृश्य आपल्या एखाद्या चित्रपटात येईल काय, याची प्रस्तुत लेखकाला शंका वाटते. परंतु १७२४ चे सत्य याच दृश्यात आहे.

अलीकडील चित्रपटांकडे या दृष्टीने पाहता परिस्थिती संमिश्र दिसते. ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारित ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) मध्ये अंजू मोदी आणि मॅक्सिमा बसू यांनी घेरदार, लांब बेताचे पोशाख वापरले. नायकाचे मुंडन केलेले मस्तक व शेंडी ही तर धाडसी निवड होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. या चित्रपटावर वाद झाला तो ‘पिंगा’ या नृत्यावरून आणि तोही प्रामुख्याने घराण्याच्या प्रतिष्ठेच्या अंगाने. कापडाची व शिवणीची चर्चा कोणी केली नाही. ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटाच्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिची कारागिरी नाकारता येत नाही. तथापि सिंहगडचा किल्लेदार उदयभान हा मुघलांच्या चाकरीतील राजपूत होता. चित्रपटात तो काळ्या वस्त्रांत वावरतो. संकेताप्रमाणे पाहिले तर उदयभान आणि तानाजी या दोघांच्याही अंगावरच्या पोशाखाचे बंद डावीकडेच यावयास हवेत. काळा रंग येथे खलनायकत्व सांगतो, इतिहास सांगत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे आणि तो बहुतेक सर्वच निर्मितींत आढळतो : सैन्याचा गणवेश. पडद्यावर घोडदळ एकाच रंगात, एकाच कापडात दौडते. मराठी घोडदळातील शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला ती सरकारातून मिळत. दोघांच्याही अंगावर एकसारखा पोशाख असण्याचे कारण नव्हते. एका रंगाच्या रांगा ही कवायती पायदळाची देणगी आहे. महादजी शिंद्यांच्या चाकरीत १७८४ पासून द बॉयन याने अशी पलटणे उभारली, तेथे गणवेश शोभतो. १७२४ च्या वऱ्हाडात तो साठ वर्षे आधी येऊन उभा राहतो.

रंगांविषयीही हेच. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ चा. त्यापूर्वी निळीचा निळा, आल व मंजिष्ठेचा लाल, हळदीचा पिवळा, करडईच्या फुलांपासून काढलेला कुसुंबा हीच रंगाऱ्याची सामग्री होती. कुसुंबा उन्हाने व धुण्याने झपाट्याने विटतो. हिरवा रंग तर एका भांड्यात निघतच नसे. निळीत बुडवलेल्या कापडावर पुन्हा पिवळा चढवावा लागे. शेकडो स्वारांना एकाच छटेचा झगझगीत हिरवा पोशाख देणे हे त्या काळच्या रंगाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे काम होते. आज कारखान्यातला हिरवा सॅटिन मात्र सर्वांत स्वस्त पडतो. आपल्या रंगमंचावरील ‘शत्रूपक्ष’ कितीदा केवळ या स्वस्ताईमुळे हिरवा झाला असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या प्रश्नाला स्थानिक बाजू आहे. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजा येथे मोठा जनसमुदाय लोटतो. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतही ऐतिहासिक प्रवेश हमखास असतात. त्यांचा कपडेपट भाड्याच्या दुकानांतून येतो : कृत्रिम धाग्याची मखमल, चिकटपट्टीने बंद होणारे अंगरखे, कमरपट्ट्यासह शिवलेली नऊवारी. शिवलेल्या नऊवारीत चालताना निऱ्या हलत नाहीत, ती विजारीसारखी बसते. चोळीला गाठीऐवजी मागे साखळी असते. जिजाऊंची जी छबी आपण अधिकृत मानतो तिच्यावर राजा रविवर्मा आणि त्यांच्या छापखान्यानंतरच्या दिनदर्शिकांचा ठसा आहे. सतराव्या शतकातील स्त्रीवेषाचा पुरावा पुरुषवेषाच्या मानाने तोकडा आहे. म्हणूनच तेथे जरीचा मारा टाळून साधे सुती लुगडे, काष्टा आणि पुढे गाठ मारलेली चोळी एवढ्यावर थांबणे अधिक प्रामाणिक ठरेल.

खर्चाचा आक्षेप येथे टिकत नाही. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात मांजरपाट सहज मिळते. त्याचा जामा कोणताही गावचा शिंपी कळ्या मोजून दिल्यास बेतू शकतो. लढाईच्या प्रवेशासाठी कापूस भरून टाचलेला अंगरखा हा लोखंडी चिलखताइतकाच प्रमाण आणि पुठ्ठ्याच्या चंदेरी चिलखतापेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय दिसतो. भानू अथैया यांना १९८३ मध्ये ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले. कोल्हापूरच्या या वेशभूषाकर्तीच्या त्या कामात साध्या सुती कापडाचा वाटा किती मोठा होता, हे चित्रपट पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सर्वच पांढऱ्या जाम्यांत आले तर मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाने निजामाचा माणूस कोणता, मुबारिजखानाचा कोणता आणि बाजीरावाचा कोणता हे ओळखावे कसे? नाट्यकलेची ही गरज मान्यच करावी लागेल. परंतु तिचे उत्तर त्या काळाजवळही होते. धुळीने भरलेल्या रणांगणावर सैनिक आपला सरदार शोधीत ते निशाणावरून, नगाऱ्याच्या आवाजावरून, हत्तीवरच्या अंबारीवरून आणि पागोट्याच्या बांधणीवरून. मंचावर तीन निशाणे, पागोट्यांचे तीन बांध आणि एक नगारा एवढी सामग्री पुरेशी आहे. त्या व्यतिरिक्त काही काळ प्रेक्षक गोंधळला, शेजाऱ्याला ‘हा कोणाकडचा?’ असे विचारू लागला, तर दिग्दर्शकाने ते वेशभूषेचे अपयश मानण्याचे कारण नाही. बादशहाच्या सुभेदाराविरुद्ध बादशहाचाच सरदार लढत असताना त्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या रयतेलाही हाच प्रश्न पडला असणार.