वकिलीणबाईंचे टेबल

नोआ बॉमबाक ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘मॅरेज स्टोरी’ हा २०१९ सालचा चित्रपट म्हणजे एका काडीमोडाची गोष्ट आहे. त्याविषयी बोलताना बहुतेक रसिक नवराबायकोच्या त्या भयंकर भांडणापाशी येऊन थांबतात. माझे मन मात्र पुन्हा पुन्हा नोरा फॅनशॉ ह्या वकिलीणबाईंकडे जाते. ह्या भूमिकेसाठी लॉरा डर्नला ऑस्कर मिळाले ते योग्यच झाले. परंतु दोन समंजस माणसांत नोरानेच आग लावली, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला पटत नाही.

चार्ली हा न्यूयॉर्कचा नाट्यदिग्दर्शक. निकोल त्याच्या नाटकांतली नटी. वेगळे व्हायचे ठरल्यावर मध्यस्थाच्या सांगण्यावरून दोघांनी एकमेकांच्या गुणांची टाचणे लिहिली आहेत. त्या टाचणांनीच चित्रपट सुरू होतो. पण मध्यस्थासमोर निकोल आपले टाचण वाचायला साफ नकार देते. वकील मधे घालायचे नाहीत, असेही दोघांचे ठरलेले असते. मग ती मुलाला घेऊन लॉस एंजेलिसला येते आणि नोराच्या कचेरीत जाऊन बसते. नोरा जोडे काढून कोचावर तिच्याजवळ बसते, चहा पुढे करते आणि ऐकते. निकोल बोलते, रडते, पुन्हा बोलते. संसारात आपण कशा लहान लहान होत गेलो, हे तिचे तिलाच बोलता बोलता उमगत जाते. तोवर तिचे इतके कुणीच ऐकून घेतलेले नसते. मग हे ऐकणे खोटे म्हणायचे काय? ते धंद्याचे आहे, हे खरे. पण वैद्याची फी ठरलेली असते म्हणून नाडीवरचा त्याचा हात खोटा ठरत नाही.

खरा प्रश्न आहे तो ऐकलेल्याचे पुढे काय होते हा. कॅलिफोर्नियात १९७० सालापासून काडीमोडासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मतभेद मिटण्याजोगे नाहीत, एवढे पुरते. पण पुढच्या दाराने घालवलेला हा दोष मुलाच्या ताब्याचा प्रश्न निघताच मागच्या दाराने आत येतो. एका संध्याकाळी वाइन जरा जास्त झाली नि जिन्यावर पाय लटपटले, असे निकोलने चार्लीला सहज, विश्वासाने सांगितलेले असते. कोर्टात तेच वाक्य चार्लीच्या वकिलाच्या तोंडून ‘बेजबाबदार आई’ ह्या अर्थाने बाहेर पडते. नोराही उलट बाजूने तेच करते. शब्द तेच असतात, फक्त घरातून कचेरीत गेल्यावर त्यांचा सूर बदलतो. त्या वेळचे नवराबायकोचे चेहरे पाहावेत. तिथे राग कमी आणि शरम जास्त आहे.

ह्यात सगळा दोष वकिलांचाच आहे असेही नाही. चार्लीला मधल्या काळात बर्ट स्पिट्झ (अ‍ॅलन आल्डा) हा म्हातारा, स्वतःही काडीमोड भोगलेला वकील मिळालेला असतो. बर्टला अशिलात माणूस दिसतो आणि तो समझोत्याची भाषा बोलतो. एकदा तो मधेच एक विनोद सांगू लागतो, तेव्हा ह्या विनोदाचेही पैसे आपणच मोजतो आहोत काय, असे चार्ली विचारतो! शेवटी बर्टला सोडून तो चढ्या दराच्या जे मारोटाकडे जातो. ही निवड अशिलाची आहे, आणि ती दाखवण्यात दिग्दर्शक मुळीच भिडस्त नाही.

आपल्याकडेही वकिलाविषयीचा हा संशय कायद्यातच उतरला आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यान्वये पक्षकाराला वकील उभा करण्याचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. हेतू चांगला आहे. पण आपली कहाणी कुठून सांगायला सुरुवात करावी हेच जिला कळत नाही, तिची बाजू मांडायची कुणी? १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात परस्परसंमतीची वाट १९७६ साली झाली खरी. पण दुसरा पक्ष संमती देत नसेल तर अजूनही क्रूरता किंवा तसलेच काही कारण अर्जात लिहावे लागते. वीस वर्षांच्या संसारातून क्रूरतेचे तेवढे प्रसंग वेचायचे आणि बाकीचे गाळायचे, हे काम कुणाला तरी करावेच लागते.

माझी तक्रार आहे ती इथेच. नोराचा कोच आपल्याला दिसतो, तिचे उंची कपडे दिसतात. अशील उठून गेल्यावर ती ज्या टेबलाशी बसते ते मात्र दिसत नाही. निकोलच्या रडण्यातले कोणते वाक्य तिने मसुद्यात घेतले, ‘तो बाप म्हणून चांगला आहे’ हे कधी खोडले, खोडताना हात अडखळला की नाही, ह्यांतले काही आपल्याला कळत नाही. म्हणूनच शेवटी निम्मे-निम्मे हवे असे निकोलने म्हटलेले असतानाही नोरा तिच्यासाठी पंचावन्न-पंचेचाळीसची वाटणी पदरात पाडते, तेव्हा तो केवळ तिचा तोरा वाटतो. एरवी इतका न्यायी असणारा दिग्दर्शक इथे तिला एका हशावर सोडून देतो. ती संध्याकाळी किती वाजता दिवे मालवून घरी जाते, हेही तो आपल्याला सांगत नाही.