‘वाडा चिरेबंदी’तील विवाहविषयक अपेक्षा : चार पिढ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील एका खेड्यातील देशपांडे घराण्याची ही कथा प्रामुख्याने सरंजामी व्यवस्थेच्या पडझडीची शोकांतिका म्हणून अभ्यासली गेली. हे वाचन योग्यच आहे. तथापि, त्यात विवाहाचा प्रश्न दुय्यम ठरतो. वस्तुतः घराण्याची सत्ता ओसरल्यावरही विवाहविषयक अपेक्षा टिकून राहतात आणि त्यांचा भार मुलींवर पडतो, हे या नाटकाचे मर्म आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
तात्याजींच्या निधनानंतरच्या दिवसांत दादी, आई, भास्कर-वहिनी आणि पराग-रंजू अशा चार पिढ्या एका छताखाली दिसतात. दादी आणि आई यांचे सारे आयुष्य सासरच्या वाड्यात सामावले आहे. वहिनीही त्याच वाटेने चालते; घराण्याचे दागिने रात्री अंगावर घालून पाहणारी वहिनी ओसरलेले वैभव क्षणभर भोगते. येथे सोने हा केवळ अलंकार नसून विवाहाने मिळालेल्या स्थानाची खूण आहे.

मुलींच्या वाट्याला मात्र हे स्थानही येत नाही. प्रभाला शिकायचे होते. घराण्याच्या प्रतिष्ठेपायी तिला शिकू दिले गेले नाही आणि तिचे लग्नही झाले नाही. रंजू शिकवणीच्या मास्तरसोबत दागिने घेऊन मुंबईला पळून जाते. ती परत येते, दागिने येत नाहीत. प्रभाने आज्ञा पाळली, रंजूने मोडली. दोघींचेही हात रिकामेच राहिले. याउलट, सुधीर मुंबईला जाऊन स्वतःच्या पसंतीने संसार थाटतो. त्याबद्दल नाराजी असली, तरी वाड्यावरील त्याचा हक्क अबाधित राहतो.

या विषमतेला कायद्याचाही संदर्भ आहे. १९८५ मध्ये महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा नव्हता. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने तो दिला. पण अधिनियमापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे हक्क देतानाही मोजमाप विवाहाचेच राहिले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट उरली नाही.

मर्यादा :
हे चित्र एका ब्राह्मण वतनदार घराण्याचे आहे. वाशिम जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे घर किंवा मानोरा तालुक्यातील बंजारा तांडा यांना ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तेथील स्त्री शेतात राबते. तिच्या विवाहाचे अर्थकारण वेगळे आहे. तसेच, वहिनी स्वतः या व्यवस्थेची वाहक कशी बनते, हा प्रश्न या नाटकात सूचित होतो. पुरेसा उलगडत नाही.

निष्कर्ष :
‘वाडा चिरेबंदी’त वाड्याचे चिरे ढासळतात, अपेक्षा ढासळत नाहीत. आजही आपल्या महाविद्यालयांत एखादी विद्यार्थिनी लग्न ठरले म्हणून शिक्षण सोडते, तेव्हा प्रभाचा प्रश्न जुना झालेला नसतो. हे नाटक वर्गात शिकविताना केवळ ऱ्हासाची खंत न सांगता, त्या ऱ्हासाची किंमत कोणी मोजली, हेही विचारले पाहिजे.