घडीची करवत: एक परीक्षण

घडीची करवत आणि बँकेत बदलून आलेला नवा साहेब पहिल्या दिवशी सारखेच सुस्वभावी दिसतात. दात नंतर कळतात.

यवतमाळच्या दुकानात शिफारस ठरलेली: "भाऊ, हे तं सागवानबी कापते!" कापत असेल, पण साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ती हाती पडेपर्यंत करवत गंजायची. आपल्याला छाटायची असते अंगणातल्या पेरूची मनगटाएवढी फांदी. पातं फांदीच्या जाडीच्या दुपटीहून थोडं लांब असलं की झालं. सात इंच पुरे.

दाते मुठीकडे झुकलेले बघावेत. अशी करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. मुदत ठेवीचंही तसंच: भरताना काही नाही, मुदतीआधी काढली की व्याज कापलं! ओढीत पातं वाकत नाही, म्हणून ते पातळही चालतं.

खरी परीक्षा खटक्याची. खटका म्हणजे करवतीचा जामीनदार. ऐनवेळी तो सरकला, की वसुली बोटांकडून होते. तेव्हा दुकानातच पातं उघडून पाठीवरून दाबून बघावं. जरा हललं, तर भाव कितीही उतरो, करवत परत ठेवावी. पातं बोथटलं तर नवं मिळतं; बोट बदलून देणारं दुकान यवतमाळात अजून निघालेलं नाही.