दोन दिवसांचं प्रमाणपत्र

आफ्रिकेतल्या बहुपक्षीय निवडणुका आणि त्यांचं निरीक्षण, हा आजचा विषय. खंडात पन्नासहून जास्त देश, त्यामुळे ‘आफ्रिकेत असं असतं’ हे वाक्यच चुकीचं. आपण दोनच देश घेऊ, केनिया आणि मलावी. आणि समीक्षा एकाच गोष्टीची करू. मतदान झालं की साधारण दोन दिवसांत परदेशी निरीक्षक पत्रकार परिषद घेतात आणि ‘प्राथमिक निवेदन’ वाचून दाखवतात. आमचा आक्षेप या निवेदनावर आहे. ते रांगेबद्दल बोलतं, आणि भांडण होतं बेरजेवरून.

आधी केनिया. ८ ऑगस्ट २०१७ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. युरोपियन युनियन, आफ्रिकन युनियन, कार्टर सेंटर, सगळ्यांची पथकं हजर होती. आफ्रिकन युनियनचं नेतृत्व थाबो म्बेकींकडे, कार्टर सेंटरच्या पथकात जॉन केरी. रांगा मोठ्या, मतदान शांत. पथकांनी तारीफ केली. ११ तारखेला उहुरू केन्याटा सुमारे १४ लाख मतांनी विजयी घोषित झाले. रायला ओडिंगा कोर्टात गेले, आणि १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा निकालाने ती निवडणूकच रद्द केली. विरोधकांच्या अर्जावरून सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाचा विजय रद्द होणं आफ्रिकेत प्रथमच घडत होतं.

असं काय होतं, जे कोर्टाला दिसलं आणि निरीक्षकांना दिसलं नाही? उत्तर एका कागदात आहे. त्याचं नाव ३४-ए. आपल्याकडे मतदान यंत्रं एका ठिकाणी आणून मोजणी होते. केनियात मतपत्रिका त्या त्या केंद्रावरच मोजतात. केंद्राध्यक्ष आकडे ३४-ए वर लिहितो, पक्षांचे एजंट सह्या करतात, आणि त्याचा फोटो वर पाठवायचा असतो. २०१७ मध्ये आकडे आधी झळकले आणि हजारो केंद्रांचे कागद मागे राहिले. कोर्टाने सर्व्हर तपासायला सांगितला, आयोगाने तो पूर्णपणे उघडून दाखवला नाही. त्यात, या आयोगाच्या संगणक यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी ख्रिस म्सांडो यांचा मतदानाच्या तोंडावर खून झालेला. म्हणजे कुठे बघायचं, याची खूण आधीच मिळाली होती!

आता निरीक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. बेरीज अजून चालू आहे, असं निवेदनांत म्हटलेलं होतं. पण बातमी कशाची होते? कौतुकाची. आणि सत्ताधाऱ्यांच्या हाती प्रमाणपत्र पडतं. या संस्थांनी २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत एक जाहीरनामा मान्य केला आहे. त्यात निवडणुकीआधी, मतदानाच्या दिवशी आणि नंतर, अशा संपूर्ण प्रक्रियेचं निरीक्षण अपेक्षित आहे. मग आमचं मोजमाप त्यांच्याच पट्टीचं आहे.

दुसरी बाजू जास्त अवघड आहे. केनियातल्याच नागरिक निरीक्षकांच्या ‘ईलॉग’ या गटाने निवडक केंद्रांवर समांतर मोजणी केली, आणि तिचा अंदाज अधिकृत निकालाशी जुळला. मग कोर्ट चुकलं का? आम्हाला तसं वाटत नाही. निकाल बरोबर असणं पुरेसं नाही. हरलेल्या माणसाला तो स्वतः तपासून बघता आला पाहिजे. न्यायालयाचं म्हणणंही हेच होतं, की निवडणूक ही एका दिवसाची घटना नसून प्रक्रिया आहे. पण निकालाने सगळं सुरळीत झालं असंही नाही. ऑक्टोबरमधल्या फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला, मतदान चाळीस टक्क्यांच्याही खाली राहिलं.

आता मलावी. २१ मे २०१९ चं मतदान, आणि दोन दिवसांत युरोपियन पथकाचा चांगला शेरा. मग निकालपत्रकं बाहेर आली. त्यांवर आकडे खोडलेले, आणि कशाने? आपण ज्याला व्हाइटनर म्हणतो त्याने! लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर होते. पाच न्यायाधीशांपुढे खटला चालला. निकालाच्या दिवशी ते बुलेटप्रूफ जाकीट घालून, लष्कराच्या बंदोबस्तात कोर्टात आले. ३ फेब्रुवारी २०२० ला निवडणूक रद्द झाली. जूनमध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा कोविडमुळे परदेशी पथकं जवळपास नव्हतीच. तरी ते पार पडलं, आणि विरोधी पक्षाचे लाझारस चक्वेरा निवडून आले. परदेशी पाहुणे नको, असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. पण कणा कुठे आहे ते कळतं: एजंट, नागरिक, न्यायाधीश.

सुधारणा शक्य आहे हेही केनियानेच दाखवलं. ९ ऑगस्ट २०२२ च्या निवडणुकीत आयोगाने ४६ हजारांहून अधिक केंद्रांचे ३४-ए संकेतस्थळावर टाकले. कुणीही उघडावेत, बेरीज करावी. पुढे सातपैकी चार आयुक्तांनीच निकाल नाकारला, वाद पुन्हा कोर्टात गेला. पण या वेळी दाव्यांशी ताडून बघायला कागद होते. ५ सप्टेंबरला न्यायालयाने एकमताने निकाल कायम ठेवला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. बेरीज संपेपर्यंत निरीक्षकांनी शेरा देऊ नये. माणसं रांगेपाशी कमी आणि संकलनाच्या खोलीत जास्त बसवावीत. गेल्या अहवालातल्या किती शिफारशी अमलात आल्या, हे नव्या अहवालाच्या पहिल्या पानावर यावं. आणि केंद्रनिहाय पत्रकं जाहीर झाली नसतील, तर ‘विश्वासार्ह’ हा शब्द वापरूच नये. दहा तास उन्हात उभं राहून मत देणाऱ्या बाईला शांततेबद्दल शाबासकी नको असते. तिला तिच्या केंद्राचा आकडा वरपर्यंत तसाच पोचलेला हवा असतो.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.