पंधरा टक्क्यांचा सोपा नियम

मोटारीच्या माहितीपत्रकात छापलेली शक्ती ही इंजिनाची शक्ती असते. इंजिन चाचणीच्या बाकावर बसवून ती फ्लायव्हीलपाशी मोजतात. गाडी पळवतात मात्र चाके. फ्लायव्हीलपासून चाकापर्यंतच्या वाटेवर क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर असतात, आणि प्रत्येक जण आपापला वाटा काढून घेतो. त्यामुळे चाकापाशी मोजलेली शक्ती नेहमी कमी भरते.

हौशी मोटारशर्यतींत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत १९९१ साली स्थापन झालेल्या नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनच्या काही गटांत गाडीचे वजन आणि चाकांपाशी मोजलेली अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावरून गाडी कोणत्या गटात धावणार हे ठरते. म्हणजे शक्तीचा आकडा चुकला तर शर्यतीचा निकालच अन्यायाचा होतो. पण बहुतेक हौशी मंडळींना दोनपैकी एकच आकडा माहीत असतो. दुसरा काढण्यासाठी ते एक नियम वापरतात : वाटेत पंधरा टक्के शक्ती जाते, तेव्हा चाकाच्या शक्तीला ०.८५ ने भागा, की फ्लायव्हीलची शक्ती मिळाली! चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाडीसाठी हाच आकडा वीस किंवा पंचवीस टक्के धरतात.

ढोबळ अंदाज म्हणून या नियमाला हरकत नाही. हरकत आहे ती त्याला निसर्गनियमाचा दर्जा देण्याला. तो तपासून पाहू.

समजा, एका गाडीचे इंजिन २०० अश्वशक्तीचे आहे. नियमाप्रमाणे ३० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २२ किलोवॅट वाटेत गेली. आता मालकाने टर्बोचार्जर बसवून इंजिन ४०० अश्वशक्तीचे केले. गिअरबॉक्स तोच, तेल तेच, फेऱ्यांचा वेगही तोच. नियम म्हणतो, आता ६० अश्वशक्ती जाईल. ती का जावी? गिअरचे दात एकमेकांवर घासतात ते घर्षण भाराबरोबर वाढते, हे खरे. परंतु तेल घुसळण्यात आणि तेलबंद रबरी कड्यांच्या घर्षणात जाणारी शक्ती मुख्यतः फेऱ्यांच्या वेगावर अवलंबून असते. वरून किती शक्ती वाहते आहे याच्याशी तिचा संबंध थोडाच. म्हणजे एकूण घट वाढेल, पण दुप्पट होणार नाही. जी राशी काही अंशी स्थिर आणि काही अंशी बदलती आहे, तिला एकाच टक्केवारीत बसवणे ही गणिती चूक आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. चाकाची शक्ती मोजण्याच्या एका प्रचलित यंत्रात गाडीची चाके एका जड रोलरवर ठेवतात. रोलरचे जडत्व आघूर्ण माहीत असते. तो किती त्वरेने वेग घेतो यावरून शक्ती काढतात. पण त्याच वेळी फ्लायव्हील, गिअर आणि चाकेही वेग घेत असतात, आणि त्यासाठी लागणारी शक्ती रोलरपर्यंत पोहोचतच नाही. समजा, इंजिनाच्या फिरत्या भागांचे जडत्व आघूर्ण ०.२ किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि इंजिनाचा वेग ८ सेकंदांत सेकंदाला २०० रेडियनवरून ७०० रेडियनवर गेला. त्वरण झाले ६२.५. वेग ६०० असताना ०.२ × ६०० × ६२.५ = ७५०० वॅट, म्हणजे १० अश्वशक्ती, फक्त या भागांना वेग देण्यात खर्च होते. खालच्या गिअरमध्ये हीच धाव ४ सेकंदांत झाली तर २० अश्वशक्ती! ही शक्ती उष्णता होऊन वाया गेलेली नाही; गतिज ऊर्जा म्हणून ती त्या भागांत साठली आहे.

याचा परिणाम मोठा गमतीचा होतो. हलके फ्लायव्हील किंवा हलकी चाके बसवली की रोलरवरचा आकडा वाढतो. तो ०.८५ ने भागणारा मालक समजतो की इंजिनाची शक्ती वाढली. वास्तविक इंजिनाला कोणी हातही लावलेला नाही. जो नियम चाके बदलल्यावर इंजिन सुधारल्याचे सांगतो, त्यावर किती विसंबावे?

तिसरी गोष्ट, ‘फ्लायव्हीलची शक्ती’ या शब्दांचाही अर्थ एकच राहिलेला नाही. १९७२ पर्यंत अमेरिकी उत्पादक ‘ढोबळ’ शक्ती छापत असत. त्या चाचणीत गाडीतला सायलेन्सर, हवेची गाळणी वगैरे जोडलेले नसे. पुढे हे सारे जोडून मोजलेली ‘निव्वळ’ शक्ती छापू लागले आणि तेच इंजिन कागदावर एकाएकी दुबळे दिसू लागले.

रोलर न वापरता अंदाज करण्याची आणखी एक रीत आहे आणि ती वरच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे. इंजिनाची सारी शक्ती गाडीची गतिज ऊर्जा वाढवण्यातच गेली असे मानले, तर थांबलेल्या गाडीसाठी अंतिम वेगाचा घन = ३ × शक्ती × अंतर ÷ वस्तुमान असे सूत्र मिळते. पाव मैलाच्या शर्यतीसाठी आकडे घातले तर ताशी मैलांतला वेग = २८१ × (अश्वशक्ती ÷ पौंडांतले वजन) चे घनमूळ. मोटारविषयक लेखक रॉजर हंटिंग्टन यांना प्रत्यक्ष गाड्यांवरून हाच संबंध आढळला होता, मात्र २८१ च्या जागी २२५ होते. घनमूळ का येते याचे भौतिकी स्पष्टीकरण जेफ्री फॉक्स यांनी १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये दिले. २२५ ÷ २८१ चा घन केला तर ०.५१ येतो. म्हणजे छापील शक्तीपैकी जेमतेम निम्मी गाडीच्या वेगात उतरली. बाकीची हवेचा रोध, घसरणारे टायर, गिअर बदलताना गेलेला वेळ आणि फिरत्या भागांचे जडत्व यांत गेली; शिवाय इंजिन सर्व वेळ कमाल शक्ती देतच नाही. या रीतीचीही मर्यादा ध्यानात ठेवावी : वेग मोजण्यात एक टक्का चूक झाली, तर शक्तीत तीन टक्के चूक होते.

मग करावे काय? चाकापाशी मोजलेला आकडा चाकाचाच म्हणून सांगावा. तुलना करायची ती त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तितकीच हवा ठेवून. फ्लायव्हीलचा आकडा हवाच असेल तर इंजिन बाकावर चढवावे. शर्यतीच्या नियमांनी चाकाची शक्ती प्रमाण मानली हे त्यामुळेच योग्य झाले; जे मोजता येते त्यावरच न्याय करता येतो.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. वरच्या गणितात फ्लायव्हीलचे जडत्व आघूर्ण निम्मे केले तर रोलरवरचा आकडा किती वाढेल, आणि ०.८५ ने भागल्यावर ‘इंजिनाची’ वाढ किती दिसेल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. मग विचारावे : ही वाढ आली कुठून?