बिबट्याचा व्हिडिओ आणि आप्ताचं वचन

मंडळी, 'समाजमाध्यमांवरचं नियंत्रण आणि लोकांचा विश्वास' असा आजचा विषय जाहीर झाला आहे. हा विषय निघाला की अफवा जास्त वाईट की सेन्सॉरशिप जास्त वाईट, अशी कुस्ती लावली जाते. त्या आखाड्यात आम्ही आज उतरणार नाही. आपण जुन्नर-आंबेगावची माणसं, तेव्हा आपल्या बिबट्यापासूनच सुरुवात करू.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, तीनेक आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली. त्यांत दोन लेकरं होती. लोक संतापले, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. हे सगळं खरं घडलेलं. आणि त्याच सुमारास मोबाईलवर वेगळेच बिबटे हिंडू लागले. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या सोसायटीच्या फाटकात. एआयने बनवलेले, अंगावरचे ठिपकेसुद्धा जागच्या जागी. वनखात्याला आधीच माणूसबळ कमी, त्यात हे खुलासे करत बसायचं.

खोट्या चित्रानं घबराट पसरते, हे नुकसान सगळ्यांना दिसतं. दुसरं नुकसान लवकर दिसत नाही. उद्या खरोखरच फडाच्या बांधावर जनावर दिसलं, कुणी घाईघाईनं व्हिडिओ टाकला, तर 'एआय असेल रे' म्हणून सोडून द्यायची सोय झाली. रात्रीची वीज आली म्हणून उसाला पाणी धरायला निघालेल्या माणसाला ही सोय फार महागात पडू शकते.

आमचा जन्म प्रमाणशास्त्र शिकवण्यात गेला, म्हणून थोडं त्याच्याकडे वळतो. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे नातलग नव्हे बरं का. ज्यानं गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू. म्हणजे आप्तपणा जातीवर ठरत नाही, हुद्द्यावर ठरत नाही. गुराखी आप्त असू शकतो आणि आमच्यासारखा पीएचडीवाला नसू शकतो.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत हेच दगडावर पाहायला मिळतं. दानलेखांत दान काय दिलं आणि कुणी दिलं, दोन्ही कोरलेलं असतं. शिवनेरीवर आणि मानमोडीवर यवन दात्यांचेही लेख आहेत. माणूस परदेशी, पण नाव लावून उभा. विधान आणि विधान करणारा यांची फारकत नाही.

फॉरवर्ड नेमकी हीच फारकत करतो. 'ओतूरजवळ वाघ दिसला' हा मजकूर आपल्याला मामानं पाठवला, म्हणून आपण विश्वास ठेवतो. पण मामानं वाघ पाहिलेला नसतो. मामा आप्त खरा, मराठी अर्थानं. न्यायशास्त्राच्या अर्थानं तो नुसता पोस्टमन. मामाच्या प्रेमाचं वजन आपण मजकुराच्या पारड्यात टाकतो.

आता कंपन्यांचं नियंत्रण कसं चालतं पाहा. त्यांचं यंत्र मजकूर तपासतं. हे चित्र चालेल की नाही, हा शब्द यादीत आहे की नाही. आमची पहिली तक्रार इथे आहे. विश्वास मुळात सांगणाऱ्यावर असतो आणि तपासणी होते सांगितलेल्याची. शिवाय ती तपासणी भाषेला अडखळते. वर मी 'वाघ' म्हटलं, तुमच्यापैकी कुणी हसलं नाही. कारण आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत वाघबारस होते, वाघोबा पुजला जातो. पण दूर कुठेतरी बसलेला पडताळणी करणारा म्हणेल, जुन्नरात वाघ नाहीत, सबब मजकूर खोटा. त्याचं प्राणिशास्त्र बिनचूक, आणि निकाल साफ चूक. ज्याला बोली कळत नाही त्याच्या हाती खरं-खोटं ठरवण्याचा शिक्का देणं, यावर आमचा मुख्य आक्षेप आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट वेगळी. तिथे मजकूर कूटबद्ध असतो, कंपनीला वाचताच येत नाही. मग काय करणार? १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे गरीब लोक. गावोगाव तशा अफवा आधीच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. २०२०च्या एप्रिलमध्ये, फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, अशी मर्यादा आली. त्यानंतर अशा मजकुराचं फिरणं ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनंच सांगितलं.

उपाय वाईट नाही. मजकूर न वाचता वेग कमी केला, कुणाचं तोंड बंद केलं नाही. आम्ही तर म्हणू, आजवरच्या उपायांत हा सर्वांत कमी उद्दाम. पण अफवा हळू गेली म्हणून राईनपाड्याच्या बाजारात परक्या माणसाबद्दलचा संशय कमी झाला असता का? भटक्या माणसाच्या शब्दाला मुळातच कुणी प्रमाण मानत नव्हतं. ते पाच जण आपण कोण आहोत हे सांगत असणारच. वात्स्यायनाची उदारता त्या दिवशी कुणाच्या कामी आली नाही.

मग सरकारनं करावं, असं काही जण म्हणतात. पालघर आठवा. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं ६६-अ कलम रद्द केलं. पुढे केंद्रानं आपल्याच कारभाराविषयीचं खरं-खोटं ठरवायला तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद केली. तीही सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. आमच्या मते योग्यच झालं. ज्याच्याविषयी विधान आहे त्यानंच त्याचं प्रामाण्य ठरवायचं, हे कुठल्याच दर्शनात बसत नाही.

२०२१च्या नियमांनी आणखी एक दार ठेवलं: तक्रार अधिकारी. चोवीस तासांत पोच, पंधरा दिवसांत निकाल, अशी मुदत २०२६च्या फेब्रुवारीपर्यंत होती. काही प्रकारच्या मजकुराला मुदत याहून कमी होती, तो तपशील सोडतो. पण दिवसांत मोजलेली मुदत हा कागदाचा वेग झाला. बिबट्याची अफवा संध्याकाळी सात ते दहा एवढाच वेळ जगते, आणि तेवढ्यात तिचं काम उरकते. आणि आपली पोस्ट चुकून उडवली गेली तर मिळणारं उत्तर बघा: 'आमच्या मानकांचं उल्लंघन.' कुठलं वाक्य, कुठलं मानक, माणसानं ठरवलं की यंत्रानं, काही नाही. कारण न सांगता दिलेल्या निकालाला आमच्या शास्त्रात नुसती प्रतिज्ञा म्हणतात. हेतू नाही, उदाहरण नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा आम्ही यावर गुण दिले नसते.

राहता राहिला ग्रुपचा अ‍ॅडमिन. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलं. कायद्यानं तो सुटला, ठीकच. पण गावाला ओळखणारा, बोली समजणारा, 'दादा, हे तू स्वतः पाहिलंस का?' असं विचारू शकणारा तोच एक आहे. कंपनीच्या कुठल्याही यंत्राला हा प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून वनखात्याच्या मंडळींना आमची एक सूचना आहे. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' एवढंच पत्रक काढू नका. कुठला व्हिडिओ, कुठला म्हणून फिरतोय, तिथे कोण जाऊन आलं, किती वाजता, पावलांचे ठसे दिसले की नाही, हे वनरक्षकाच्या नावानिशी, मराठीत, त्याच रात्री ग्रुपवर येऊ द्या. आणि 'अजून पाहणी झालेली नाही' असं असेल तर तेही तसंच लिहा. कंपन्यांकडे मागायचं ते इतकंच की असा नावानिशी आलेला खुलासा मूळ व्हिडिओच्या मागोमाग, तो जिथे जिथे गेला तिथे पोचवता येईल अशी सोय द्या. फिरवायला इतकी सोय केलीत, मागे जायला का नाही?

प्रश्न घेऊ या. आधी भीमाशंकर पट्ट्यातून आलेल्यांनी बोलावं. 'वाघ' या शब्दाबद्दल आम्ही जे बोललो त्यात त्यांना भर घालायची असेल.