‘ट्रू टू’ आणि अजिंठ्याची भिंत

‘अनुवाद ट्रू टू द ओरिजिनल आहे’ असं परीक्षणात वाचलं की आम्ही थबकतो. इंग्रजीतल्या त्या एका ‘ट्रू’मध्ये अचूकपणाही बसतो आणि इमानही. मराठीत ही दोन निरनिराळी माणसं आहेत. ‘हुबेहूब’ दिसण्यापुरतं, ‘बरहुकूम’मध्ये हुकूम पाळणं, आणि ‘इमान’ मात्र नात्यातलं. चित्राला हुबेहूब म्हणतो, नोकराला नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा ना. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्यात चित्रांच्या नकला काढत होते. मेहनत अफाट. पण रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना वॉर्निश फासलं गेलं, आणि ते पुढे काळवंडून मूळ चित्रांनाच बाधलं. नक्कल अचूक व्हावी म्हणून मुळालाच इजा! त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनला संग्रहालयाच्या आगीत जळाल्या. रॉबर्ट गिल यांच्या आधीच्या नकलांचंही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत तेच झालं होतं.

ग्रिफिथ्सना बेइमान म्हणावं का? आम्ही म्हणणार नाही. भिंतीवरून आज गेलेलं बरंच काही उरलेल्या नकलांतच सापडतं. पण त्या कामाला नुसतं ‘ट्रू’ म्हणून मोकळं होता येत नाही. नक्कल कशाबरहुकूम आणि इमान कोणाशी, हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. अनुवादाच्या परीक्षणात आम्हाला तेच हवं आहे.